मनाचं शिकून काय होते?

सोयाबीनमधलं तण काढायची डवरणी चालू होती आणि बाबा खुशीत होते, म्हणून मी तीच वेळ साधली. न्याहारीचा डब्बा बांधावर ठेवला आणि तिथूनच ओरडले, "बाबा, मले मानसशास्त्रात एम.ए. कराचं हाये."

बाबांनी बैल थांबवले. "कायचं शास्त्र?"

"मनाचं."

"मनाचं शिकून काय होते?"

"नोकरी लागते."

"कोणाले लागली?"

मुकुटबनजवळच्या आमच्या गावात तोवर मानसशास्त्र शिकलेलं कोणी नव्हतं, त्यामुळे मला एकही माणूस दाखवता येईना. वणीच्या कॉलेजात बी.ए.ला हा विषय मी घेतला, तोही त्याचे तास आमच्या बसच्या वेळेला जुळायचे म्हणून. पण तीन वर्षांत तो असा काही अंगात भिनला होता की दुसरं काही शिकायचा विचारच करवत नव्हता.

"मले लागन," मी म्हटलं.

बाबा हसले, बैलांना हाकारलं आणि चालता चालता विचारलं, "फी किती?"

मी आकडा सांगितला. विद्यापीठ सरकारी, यवतमाळचं कॉलेज त्याला जोडलेलं, त्यात मुलींना सवलत. माझा चुलतभाऊ ज्या खाजगी इंजिनीअरिंग कॉलेजात जायचा तिथं तेवढ्या पैशात बहुतेक गळ्यातलं ओळखपत्रही मिळालं नसतं. बाबांनी बैल पुन्हा थांबवले.

"एवढीच? मंग ते खोटं असन."

खोटं नाही हे बघायला ते स्वतः माझ्यासोबत यवतमाळला आले. कॉलेजच्या इमारतीला पूर्ण चक्कर मारली, भिंतीवर हात फिरवला, दारावरच्या शिपायाला विचारलं, "हे सरकारी विद्यापीठाचंच ना?" तो म्हणाला, "एकदम सरकारी. पंखे पाहून ओळखू येत नाही काय?" बाबांना ते पटलं. त्यांनी सही केली आणि मी परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसून उगाचच हसत राहिले. बाबा दोनदा म्हणाले, "काय झालं व?"

फी तेवढी स्वस्त होती, बाकीचं नाही. खोलीचं भाडं होतं, डब्बा होता, आणि झेरॉक्स तर इतकी होती की कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला आम्हाला बघून दुरूनच मशीन चालू करायचा. इंग्रजी पुस्तकांच्या पाठीवरच्या किमती वाचून आम्ही ती दुकानात होती तिथं ठेवून यायचो; ग्रंथालयातल्या एकाच प्रतीवर अख्खा वर्ग पास झाला. शिष्यवृत्ती यायची, पण परीक्षा होऊन गेल्यावर. बसमध्ये बायांना अर्धं तिकीट झालं त्या दिवशी आमच्या खोलीवर शिरा झाला होता. सगळ्यात जास्त किंमत मात्र आईनं मोजली. माझ्या वाटणीच्या म्हशी, माझ्या वाटणीचं पाणी, सगळं तिच्या अंगावर पडलं, आणि वर आत्याबाईचं ऐकावं लागायचं ते निराळं. आत्याबाई महिन्यातून एकदा तरी यायची आणि चहा पिता पिता म्हणायची, "पोट्टी शिकून राह्यली ते ठीक, पण पोट्टे थांबते काय?" आई म्हणायची, "नाही थांबले तं जाऊ दे त्याइले."

गावात माझ्याबद्दल एक भलतीच समजूत पसरली होती. मी मनातलं ओळखते. मी सुट्टीत घरी आले की काकू माझ्याशी बोलताना चुलीकडे बघायची. शेजारची म्हातारी एकदा तिची हरवलेली बकरी कुठं आहे ते विचारायला आली. मी कितीही सांगितलं की असं काही नसतं, तरी ती बसूनच राहिली. शेवटी मी कंटाळून म्हटलं, "नाल्याकडं पाह्यजो." बकरी नाल्याकडेच सापडली. झालं! त्यानंतर काकूनं तर माझ्यासमोर विचार करणंच बंद केलं.

आमचा विभाग म्हणजे वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या आणि एक लोखंडी कपाट. विभागाच्या मॅडम लहानखुऱ्या, स्कूटीवरून यायच्या आणि त्या कपाटाची किल्ली कायम पर्समध्ये ठेवायच्या. कपाटात सगळी प्रयोगाची साधनं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी त्यातून एक लाकडी पाटी काढली. पाटीवर दुहेरी रेघांची चांदणी छापलेला कागद लावायचा, समोर आरसा उभा, आणि हातावर एक आडोसा, म्हणजे आपला हात आपल्याला थेट दिसत नाही, फक्त आरशात दिसतो. आरशात बघत, दोन रेघांच्या मधून पेन्सिल फिरवून चांदणी पूर्ण करायची. एवढंच.

मी बसले. मेंदू म्हणाला वर, हात गेला खाली. मी हाताला दटावलं, तो आणखी खाली गेला. कोपऱ्यावर तर पेन्सिल एका जागी थरथरत उभी राहिली, माझीच बोटं माझं ऐकेनात. मला असं हसू फुटलं की मॅडमनी बाहेर व्हरांड्यात पाठवलं. व्हरांड्यात माझ्याआधीच एक मुलगी भिंतीला टेकून, तोंडात ओढणी कोंबून हसत होती. ती उमरखेडची. तिच्या अब्बूंचं तिथं मोटारसायकल दुरुस्तीचं गॅरेज. आम्ही दोघी एकमेकींकडे बघून पुन्हा हसायला लागलो, आणि त्याच महिन्यात एका खोलीत राहायला गेलो.

दुसऱ्या वर्षी प्रबंधिकेला विषय निवडायची वेळ आली तेव्हा माझा आधीच ठरला होता. त्या आरशाच्या प्रयोगात एक गंमत आहे. उजव्या हातानं चांदणी काढायचा पुष्कळ सराव केला की डाव्या हाताला काहीही न शिकवता तोही थोडा सुधारतो. मला वाटलं, आमच्याकडच्या बाया दोन्ही हातांनी कापूस वेचतात, एक हात थांबला तर दुसरा चालूच असतो. त्यांच्यात हे एका हाताचं शिकणं दुसऱ्या हाताला जाणं जास्त असेल का? मी मॅडमना हे सांगितलं तेव्हा त्या खुर्चीतून उठल्याच. "कर," त्या म्हणाल्या, "पण कपाटातलं साधन बाहेर जाणार नाही. एकच आहे."

मी खोलीवर येऊन तोंड पाडून बसले. मैत्रीण म्हणाली, "अरे यार, एवढंसं कायले टेन्शन घेते? एक पाटी, एक आरसा. माह्या अब्बूच्या गॅरेजमधे याच्यापेक्षा कठीण रोज बनते."

त्याच शनिवारी आम्ही आर्णी-महागाववरून उमरखेडला गेलो. तिच्या अब्बूंनी मी काढलेलं पाटीचं चित्र नीट बघितलं आणि एका जुन्या मोटारसायकलचा आरसा दांडीसकट प्लायवूडच्या पाटीवर बसवून दिला. आम्ही टाळ्या वाजवल्या. मी बसले, बघितलं, तर चांदणी एवढुशी, दूर कुठं तरी गेलेली.

"बेटा, ये गाडी का आईना है," ते डोक्याला हात लावून म्हणाले. "इसमें तो सब छोटा दिखता."

मग शेजारच्या सलूनमधून एक सपाट आरसा मागून आणला. सलूनवाला आरशाच्या मागोमाग आला, कारण त्याला बघायचं होतं की आरशाचं होतंय काय. पाटी तयार झाली, आणि मग गॅरेज बंदच पडलं म्हणा ना. सलूनवाला बसला, दाढी अर्धी झालेलं त्याचं गिऱ्हाईक गळ्यातल्या कपड्यासकट येऊन बसलं, अब्बू बसले, आणि शेवटी घरातून अम्मी हात पुसत आली. तिनं सगळ्यांना बाजूला सारलं, जीभ दातांत धरून अख्खी चांदणी काढली आणि विचारलं, "इसमें क्या है?" मैत्रिणीला हसता हसता ठसका लागला.

दिवाळीच्या सुट्टीत ती पाटी मी साडीत गुंडाळून गावी नेली. कंडक्टरनं विचारलं, "काय हाये त्यात?" मी म्हटलं, "मानसशास्त्र." त्यानं मला पुढच्या सीटवर बसवलं आणि पूर्ण रस्ता माझ्याकडे वळून पाहिलं नाही.

घरी पोचल्यावर अडचण कळली. कापूस फुटला होता, वेचणी जोरात होती. ज्या बाया मला पाहिजे होत्या त्या दिवस उजाडल्यापासून शेतात आणि संध्याकाळी थकलेल्या. एक वहिनी सरळ म्हणाली, "दिवसभर हातच चालवले न व, आता घरी येऊन बी हातच चालवू काय?" तिचं काही चुकत नव्हतं. दोघी-तिघी माझ्या भिडेनं बसल्या, बाकीच्या हसून निघून गेल्या. मी पाटी घेऊन ओसरीत बसले आणि माझं एम.ए. आरशात उलटं दिसायला लागलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आत्याबाई न सांगता पाहुणे घेऊन आली.

पाहुणे म्हणजे मुलगा, त्याची आई आणि त्याचा मामा, मारेगावकडच्या एका गावातले. मुलगा लाइनमन होता. मी ओसरीत, अंगावर रोजचा ड्रेस, हाताला पेन्सिलीची काजळी. आईनं मला आत ओढायला हात धरला, तोवर मामांचं लक्ष पाटीवर गेलं होतं.

"हे काय हाये?"

"तिच्या शिक्षणाचं हाये," आत्याबाई घाईघाईनं म्हणाली. "राहू द्या ते."

मामा ऐसपैस बसले, मिशीवरून हात फिरवला. "मनातलं ओळखते म्हणे पोरगी. सांग बरं, माह्या मनात काय हाये?"

तोवर आईनं चहा आणला होता, आणि त्यांनी एक घोट घेऊन कप लांब सरकवून ठेवला होता. मी म्हटलं, "चहात साखर कमी पडली."

मुलगा फस्सकन हसला. मामांनी चमकून कपाकडे पाहिलं, मग माझ्या आईकडे, मग माझ्याकडे, आणि ताठ होऊन बसले. आता त्यांना माघार घेता येईना. "द्या इकडं ते," म्हणत त्यांनी पाटी पुढ्यात ओढली. "चांदणीच काढाची हाये ना? लहान लेकराचं काम."

पहिल्याच कोपऱ्यावर त्यांची पेन्सिल कागदाबाहेर गेली. दुसऱ्या खेपेला पाटीबाहेर. मामांनी आरसा हलवून बघितला, आडोशाखाली वाकून बघितलं, दात-ओठ खाल्ले आणि इतक्या जोरात दाबलं की पेन्सिलीचं टोक कडकन तुटलं. "आरसा खराब हाये!" ते ओरडले. मुलगा तोपर्यंत खांबाला धरून हसत होता. मला हसायची सोय नव्हती, मी पदर नसलेल्या ड्रेसमध्ये पदर शोधत होते. आतून आईचा हसू दाबल्याचा आवाज आला आणि मग तर दारात उभे बाबाही हसत सुटले.

"सरका, मले पाहू द्या," मुलाची आई म्हणाली.

ती बाई बसली आणि उठेचना. चष्मा कपाळावर चढवला, पेन्सिलीला टोक करून मागितलं आणि सुरू झाली. जेवणाची पानं वाढली, ती म्हणाली, "आली, आली." मामांनी लग्नाचं बोलणं काढलं, ती म्हणाली, "जरा थांबा." माझं शिक्षण, वय, उंची, स्वयंपाक, काहीही तिनं विचारलं नाही. चांदणी पूर्ण झाली तेव्हा तिनं दोन्ही हात वर केले आणि अशी ओरडली की गल्लीतून लेकरं धावत आली. मग म्हणाली, "आता डाव्या हातानं करू काय?"

मी म्हटलं, "मावशी, कराच!"

त्यांचा निरोप आत्याबाईकडून आला: पोरगी लय शिकलेली हाये, आमाले झेपणार नाही. हा मामांचा निर्णय. आत्याबाई रडकुंडीला आली. मला आनंद लपवता येईना म्हणून मी म्हशींना पाणी पाजायला निघून गेले. त्यानंतर काही दिवसांनी अनोळखी नंबरवरून फोन आला.

"मी बोलून राह्यली, चांदणीवाली."

"हो मावशी, बोला."

"लग्नाचं राहू दे बाई. ते त्याइचं त्याइले माहीत. पण ते तुही पाटी आमच्या गावात आणशीन काय? आमचा बचत गट हाये. रविवारी सगळ्या जमते. मी सांगतलं तं कोणी विश्वासच नाही ठेवून राह्यल्या."

"मावशी, त्या कापूस वेचतात काय?"

"मंग का ऑफिसात जाते काय व?"

मी फोन ठेवून घरातल्या घरात उड्या मारल्या. आईला वाटलं विंचू चावला.

पुढचे कितीतरी रविवार मी आणि मैत्रीण त्या गावच्या समाजमंदिरात घालवले. मावशी दारात उभी राहून एकेकीला आत सोडायची, बाकीच्यांना गप्प बसवायची आणि स्वतःच सगळ्यात जास्त बोलायची. मैत्रीण वेळ मोजायची, मी चुका मोजायचे. बाया यायच्या, हातातल्या बांगड्या मागे सारायच्या, आरशात बघायच्या आणि पहिल्या रेघेलाच किंचाळायच्या, "अवो माय, हात कोणाचा हाये हा?" एकीला तिच्याच हाताचा एवढा राग आला की तिनं त्याला चापट मारली. एक सासू आणि सून एकापाठोपाठ बसल्या; सुनेची चांदणी चांगली आली, तेव्हा सासू म्हणाली, "घरी मात्र भाकर वाकडी करते," आणि दोघी एकमेकींच्या खांद्यावर कोसळून हसल्या. तो लाइनमन एकदा खांबावर चढलेला दिसला. त्यानं वरून हात केला, मीही केला. तेवढंच.

तुलनेसाठी कॉलेजातल्या मुलींकडूनही चांदण्या काढून घेतल्या आणि आकडेमोड झाली. कापूस वेचणाऱ्या बाया आणि कॉलेजातल्या मुली यांच्यात फरक निघाला नाही. काहीच नाही. दोन्हीकडचा डावा हात सारखाच शिकला होता. मी कागद घेऊन मॅडमकडे गेले. त्यांनी शेवटपर्यंत वाचलं आणि म्हणाल्या, "फरक नाही, हेपण उत्तरच आहे. तसंच लिही." तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, "फरक नाही तर मग एवढं केलं कशाला?" मी म्हटलं, "सर, केल्याशिवाय कळलं नसतं." मॅडम खिडकीबाहेर बघू लागल्या, पण हसू दाबून फुगलेले त्यांचे गाल मला दिसत होते.

निकाल लागला तेव्हा मी आणि मैत्रीण यवतमाळच्या बसस्टँडवर होतो. मोबाईलवर पान उघडता उघडेना, उघडलं तेव्हा आम्ही दोघी पास, आणि चांगल्या पास. तिनं माझी बॅग उडवली, मी तिची उडवली, आणि उमरखेडची बस आमच्यासमोरून निघून गेली. आम्ही तिच्यामागे धावलोही नाही.

त्यानंतरचं मात्र एवढं सोपं नव्हतं, तेही सांगितलं पाहिजे. एम.ए. झाल्यावर आम्हाला नीट कळलं की दवाखान्यात बसून मनाच्या आजारांवर काम करायला पुढे आणखी शिक्षण लागतं, आणि त्याच्या जागा मोजक्या. आमच्या वर्गातला एक जण पोलीस भरतीत लागला, एकीनं ब्लाउज शिवायचं दुकान टाकलं आणि ती म्हणते की गिऱ्हाइकाचं ऐकून घ्यायला मानसशास्त्रच कामी येतं. मैत्रीण उमरखेडच्या एका शाळेत शिकवते आणि नेटची तयारी करते. मी कितीतरी महिने घरी होते. आत्याबाई पुन्हा जोरात आली. मग एका सकाळी मावशीचा फोन: झरी जामणी तालुक्यातल्या एका निवासी शाळेत मुलींसाठी समुपदेशक पाहिजे, कंत्राटी, गटातल्या एकीनं सांगितलं. मुलाखतीत विचारलं, "जंगलातलं गाव आहे, राहाल?" मी प्रश्न पूर्ण व्हायच्या आधी हो म्हटलं.

पगार फार नाही, आणि दरवर्षी कंत्राट पुन्हा होईल की नाही याची धाकधूक आहेच. पण माझी एक खोली होती, तिच्या दारावर 'समुपदेशन कक्ष' असं निळ्या रंगात लिहिलेलं. मी टेबल पुसलं, दोन खुर्च्या मांडल्या आणि वाट बघत बसले. कोणी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मुली दारासमोरून जाताना वेग वाढवायच्या. शेवटी स्वयंपाकाच्या बाईनं सांगितलं, "मॅडम, त्याइले वाट्टे इथं सुई टोचते."

संध्याकाळी मुली मैदानात कबड्डी खेळत होत्या. मी ओढणी कमरेला बांधली आणि म्हटलं, "मले घेता काय?" त्या एकमेकींकडे बघत राहिल्या, मग घेतलं. मी कबड्डी कबड्डी करत गेले, एका काटकुळ्या मुलीनं माझा पाय धरला, आणि मी धपकन पडले, माझी चप्पल उडून दुसऱ्या टीममध्ये गेली. मग मीच हसायला लागले. मग त्या, मग सगळं मैदान, कोलामीत, गोंडीत, मराठीत, जिला जसं येईल तसं. मातीत पडल्या पडल्या मला उठवेचना.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत दाराशी डोकी दिसली, एकावर एक रचल्यासारखी. सगळ्यात पुढे ती काटकुळी मुलगी.

"मॅडम, सुई नाही ना?"

"नाही."

त्या आत आल्या. दोन खुर्च्यांवर चौघी, बाकीच्या जमिनीवर. एकमेकींना कोपरानं ढोसलं, आणि मग सगळ्या एकदम बोलायला लागल्या. एकीला घरची आठवण येते, एकीच्या बाजूची मुलगी झोपेत बोलते, एकीला गणिताच्या सरांची भीती वाटते, एकीच्या बहिणीचं लग्न आहे आणि तिला सुट्टी मिळेल का. एक मुलगी फक्त कोलामीत बोलत होती. दुसरी तिचं मराठीत सांगायला लागायची आणि मधेच दोघींना हसू यायचं, म्हणून ते मला अर्धंच कळलं. मी म्हटलं, पुन्हा सांग, हळू. तिनं पुन्हा सुरुवातीपासून सांगायला घेतलं. तेवढ्यात सुट्टी संपल्याची घंटा झाली, पण कोणी उठलं नाही, आणि मीही कोणाला उठवलं नाही.